ऐच्छिक विषय आणि समोरच्या खुर्चीतला माणूस

ऑप्टोमेट्रीची, म्हणजे दृष्टिमितीची पदवी चार वर्षांची. पहिली तीन वर्षं वर्ग, प्रयोगशाळा आणि ओपीडी. चौथं सबंध वर्ष इंटर्नशिपचं. यात कुठेतरी, बहुधा दुसरं वर्ष सरून तिसरं लागताना, विद्यार्थ्यापुढे ऐच्छिक विषयांची यादी येते. कॉन्टॅक्ट लेन्सचा पुढचा अभ्यास, लो व्हिजन, दोन्ही डोळे मिळून कसं काम करतात ते शिकवणारं बायनॉक्युलर व्हिजन, लहान मुलांची तपासणी, कामाच्या ठिकाणची दृष्टी, खेळाडूंची दृष्टी, सार्वजनिक आरोग्य, संशोधनपद्धती, चष्म्याच्या दुकानाचं व्यवस्थापन. नावं महाविद्यालयागणिक थोडी बदलतात. यादी आली की वर्गात चर्चा सुरू होते: मार्क कशात पडतात, शिकवायला कोण आहे, बाहेर पगार कशाला जास्त.

हे प्रश्न गैर नाहीत. फी भरणाऱ्या घराला पगाराचा विचार करावाच लागतो. पण एक प्रश्न या चर्चेत सहसा नसतो आणि मला तोच सगळ्यात आधी विचारावासा वाटतो: शिकून झाल्यावर आपल्या समोरच्या खुर्चीत कोण बसणार आहे? खारघर-पनवेल पट्ट्यात शिकणाऱ्या मुलामुलींना तर याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. महाविद्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर ते उत्तर आहे.

चष्म्याचा नंबर काढणारा तो ऑप्टोमेट्रिस्ट, एवढीच ओळख अजून अनेक घरांत आहे. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार नेत्रतज्ज्ञ डॉक्टर करतात. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी मोजतो, नंबर काढतो, दोन डोळ्यांचा मेळ बसतो का ते पाहतो, लेन्स बसवतो, कमी दिसणाऱ्याला उरलेल्या नजरेचा वापर शिकवतो आणि काचबिंदूची किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेल्या बदलांची शंका आली तर रुग्णाला वेळेत डॉक्टरांकडे पाठवतो. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९५८ साली झाली. हैदराबाद आणि अलीगढ इथे पदविका सुरू झाल्या. चार वर्षांची पदवी आली ती १९८५ मध्ये, चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीत. महाराष्ट्रात पुण्याला भारती विद्यापीठाने हा अभ्यासक्रम आणला, मुंबईत लोटस कॉलेज उभं राहिलं, आणि पनवेलला डॉ. सुहास हळदीपूरकर यांच्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटच्या आधाराने लक्ष्मी कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री. रुग्णालयाला लागून महाविद्यालय असणं ही या शिक्षणात मोठी जमेची बाजू असते. पुस्तकात वाचलेला डोळा दुपारच्या ओपीडीत प्रत्यक्ष भेटतो.

कायद्याची चौकट मात्र फार उशिरा आली. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि ऑप्टोमेट्रिस्टला देशपातळीवर नोंदणीचा रस्ता खुला झाला. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण हवं, असं तो कायदा सांगतो. आता ऐच्छिक विषयाचा हिशोब करून पाहा. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात साधारण १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चार क्रेडिटचा विषय नुसता फळ्यासमोर शिकवला तर ६० तासांचा. त्या किमान ३,६०० तासांचा हा साठावा हिस्सा. एवढ्यात कोणी तज्ज्ञ होत नाही. शिवाय कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन, बायनॉक्युलर व्हिजन हे विषय मूळ अभ्यासक्रमातही असतातच. सगळे ते शिकतात. ऐच्छिक विषयाचं काम वेगळं आहे. त्यातल्या एकात हात बुडवायची मुभा मिळते आणि इंटर्नशिपमध्ये कुठल्या विभागात जास्त दिवस मागायचे हे ठरतं. निवडीचं खरं वजन त्या पुढच्या वर्षावर पडतं.

आता खुर्चीकडे वळू. खारघर हा सिडकोने आखून वसवलेला भाग. २०१६ पासून तो पनवेल महानगरपालिकेत आहे, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो त्याच्या मधून धावते. सेक्टरांतल्या उंच इमारती, शाळा, कोचिंग क्लास, सेंट्रल पार्कमधली संध्याकाळची गर्दी, आयटीत काम करणारी जोडपी: बाहेरून खारघर म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं. पण त्याच खारघरात ओवे, मुर्बी, बेलपाडा ही जुनी आगरी-कोळ्यांची गावं आहेत. डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडी आहेत. उत्तरेला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तिथे रांगेने उभे असलेले ट्रक. पनवेलच्या पुढे नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन. या प्रत्येक ठिकाणचा डोळा वेगळं काही मागतो.

कॉन्टॅक्ट लेन्सपासून सुरुवात करतो, कारण मुलांचा ओढा तिकडे असतो. त्यात चकाकी आहे, दुकानदारांना आणि कंपन्यांना अशी माणसं हवी असतात. मऊ लेन्स घालायला आणि काढायला शिकवणं हे त्या विषयाचं उथळ पाणी. ते मूळ अभ्यासक्रमातच येतं. विषय खोल होतो तो केराटोकोनसपाशी. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, पातळ होत जातो आणि टोकदार होऊन पुढे येतो. बहुधा किशोरवयात सुरू होणारा हा आजार. डोळे सतत चोळायची सवय त्याला हातभार लावते. आजार वाढू नये म्हणून डॉक्टर रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचा उपचार करतात, पण त्याने वाढ थांबते, बिघडलेला आकार पूर्ववत होत नाही. चष्म्याने अशा मुलाला अक्षरं सरळ दिसत नाहीत, कारण दोष आकाराचा आहे आणि तो वेडावाकडा आहे. कडक लेन्स बसवली की तिच्या आणि कॉर्नियाच्या मधलं अश्रूंचं पाणी ते खड्डे-उंचवटे भरून काढतं आणि तक्त्यावरच्या ओळी उलगडतात.

स्क्लेरल लेन्स तर याच्याही पुढची. ती कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. व्यास १५-१६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा. घालताना ती वाटीसारखी सलाईनने काठोकाठ भरायची, रुग्णाने मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर ठेवायचा आणि पापण्या दोन्ही बोटांनी उघडून लेन्स खालून सरळ वर न्यायची. मान जराशी वर झाली की सलाईन सांडतं आणि आत हवेचा बुडबुडा अडकतो. मग काढा, धुवा, पुन्हा भरा. फ्लुरोसीनचा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं की पाण्याचा थर हिरवा उजळतो आणि लेन्स कुठे टेकते आहे तिथे काळपट डाग दिसतो. स्लिट लॅम्पच्या बारीक उजेडात लेन्सची जाडी आणि तिच्यामागच्या पाण्याची जाडी शेजारी शेजारी दिसते. पहिली माहीत असल्याने दुसरीचा अंदाज नजरेने बांधता येतो. अर्ध्या तासाने लेन्स डोळ्यात थोडी रुतते, तेव्हा पुन्हा पाहायचं. मायक्रॉनमधली ही मापं डोळ्याला कळायला लागेपर्यंत अनेक रुग्ण पाहावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्सचा ऐच्छिक विषय घेताना महाविद्यालयाकडे स्क्लेरल लेन्सचा ट्रायल सेट आहे का, हे विचारून घ्यावं. नसेल तर सत्र संपेल आणि हात कोरडाच राहील.

लो व्हिजनकडे येणाऱ्यांची रांग छोटी असते. मला मात्र संपूर्ण यादीत हाच विषय सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो का वाटतो हे जरा सविस्तर सांगायला हवं.

उपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, योग्य चष्मा दिला, तरी चांगल्या डोळ्याने ६/१८ पेक्षा कमी दिसतं किंवा नजरेचा आवाका फार आकसला आहे, पण जे उरलं आहे ते वापरून काही काम करता येईल. अशा दृष्टीला जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लो व्हिजन म्हणतात. मधुमेहाने पडदा खराब झालेले, काचबिंदूने कडेची नजर गेलेले, वयाने पडद्याचा मध्यबिंदू झिजलेले, जन्मतः रंगद्रव्य नसलेले, रातांधळेपणाने सुरू होऊन नजर बोगद्यासारखी अरुंद झालेले असे सगळे यात येतात. त्यांना बाकीच्या वैद्यकाने सांगून झालेलं असतं की आता करण्यासारखं काही नाही. या विषयाचं काम तिथून पुढे सुरू होतं.

सत्तरीच्या एका आजींची कल्पना करा. दोन्ही डोळ्यांनी ६/६०. म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखतो ते त्यांना ६ मीटरवर आल्याशिवाय कळत नाही. शिकाऊ विद्यार्थी लगेच भिंग काढायला धावतो. चांगला शिक्षक त्याला थांबवतो आणि आधी विचारायला सांगतो: आजी, तुम्हाला काय करायचं आहे? उत्तर क्वचितच वर्तमानपत्र असतं. तांदळातले खडे निवडायचे असतात. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव ओळखायचं असतं. हरिपाठ वाचायचा असतो. जिन्यावरून पडायचं नसतं.

हरिपाठाचं गणित सोपं आहे. केस्टनबाउमचा एक जुना नियम आहे: दृष्टीचा अपूर्णांक उलटा करायचा. ६/६० उलटलं की ६० भागिले ६, म्हणजे १०. सुरुवात दहा डायोप्टरच्या भिंगापासून. त्याचं नाभ्यंतर एक मीटर भागिले दहा, म्हणजे दहा सेंटिमीटर. पुस्तक किंवा भिंग तेवढ्यावर धरलं तरच अक्षर स्पष्ट. पाच सेंटिमीटर लांब गेलं की धूसर. हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं भिंग द्यावं, ते आपोआप ठरल्या अंतरावर राहतं. दिवा खांद्यामागून बाजूने हवा. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापून ती पानावर ठेवली की आजूबाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक जाते आणि डोळा ओळीवर राहतो. हा पुठ्ठा घरी कात्रीने होतो.

तांदळाला तर भिंगही लागत नाही. स्टीलच्या ताटातला पांढरा तांदूळ आणि करडा खडा एकमेकांत मिसळतात. गडद रंगाच्या ताटात तांदूळ उठून दिसतो. दूध गडद कपात, चहा पांढऱ्या कपात. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. खर्च जवळपास शून्य. हे सगळं शिकवायला तास हवेत आणि रुग्णाशी गप्पा मारायची तयारी हवी, म्हणून गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही. या विषयात मुरलेला एक ऑप्टोमेट्रिस्ट तालुक्याला मिळाला तर किती घरांतलं स्वयंपाकघर पुन्हा म्हाताऱ्या बाईच्या हाती येईल!

शाळेतल्या मुलांबाबत तर उशीर परवडतच नाही. रंगद्रव्य नसलेल्या, उन्हात डोळे मिटणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवणं, टोपी आणि रंगीत काच, फळा वाचायला छोटी दुर्बीण, वही डोळ्यांजवळ नेली म्हणून न रागावण्याची शिक्षकांना विनंती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत लो व्हिजन आहे. प्रमाणपत्र वेळेत निघालं तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं, पण घरच्यांना त्याची वाट दाखवणारा माणूस बहुतेक वेळा तपासणीच्या खोलीतलाच असतो.

आता सेक्टरांमधल्या मुलांकडे येऊ. शहरी भारतात शाळकरी मुलांमधला लांबचा नंबर दोन दशकांत झपाट्याने वाढला. उपलब्ध अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की ५ ते १५ वयोगटात १९९९ मध्ये तो ४.४४ टक्के होता, २०१९ मध्ये २१.१५ टक्के झाला. हा वेग राहिला तर २०५० पर्यंत जवळपास निम्मी मुलं. जगाच्या लोकसंख्येबाबतही तसाच अंदाज आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर काढायला लावलं, तर तीन वर्षांनी नव्याने नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात ३०.४ टक्के आणि जादा वेळ न मिळालेल्या मुलांत ३९.५ टक्के दिसलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. खारघरला मोकळ्या जागा आहेत, हे या भागाचं मोठं भाग्य. पण मूल शाळा आणि क्लासच्या मधल्या वेळात तिथे पोचत नाही. नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास काचा, रात्री घालायच्या लेन्स, डॉक्टरांनी द्यायचे अॅट्रोपिनचे सौम्य थेंब: हा सगळा आता एक स्वतंत्र अभ्यास झाला आहे आणि डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये वर्षानुवर्षं नोंदवत राहणं हा त्याचा कणा आहे. आईवडिलांना आलेख काढून दाखवता आला की ते मुलाला खेळायला पाठवतात.

याच मुलांपैकी काहींची तक्रार वेगळी असते. वाचताना डोकं दुखतं, ओळ सुटते, अक्षरं दोन होतात. लांबचं ६/६, नंबर काहीच नाही, म्हणून घरी वाटतं अभ्यासाचा कंटाळा. पेनाचं टोक नाकाकडे आणत न्यावं. निरोगी जोडी ते अगदी जवळ येईपर्यंत धरून ठेवते. दहा सेंटिमीटरच्या अलीकडेच एक डोळा बाहेर सटकत असेल तर डोळ्यांना आत वळायला बळ पडत नाही, असं समजून पुढची तपासणी करावी. यावर अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आहे. ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांना चार गटांत विभागून १२ आठवडे उपचार दिले. प्रशिक्षित माणसासमोर व्यायाम आणि जोडीला घरी सराव केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. नुसतं घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्के. बायनॉक्युलर व्हिजनचा ऐच्छिक विषय का घ्यावा, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे. पेन्सिलचा व्यायाम चिठ्ठीवर कोणीही लिहून देतो. समोर बसवून आठवड्यामागून आठवडा तो करून घेणारी, मूल कुठे फसवतं आहे ते ओळखणारी माणसं कमी आहेत.

कळंबोली आणि तळोज्यासाठी कामाच्या ठिकाणच्या दृष्टीचा विषय. हा विषय बहुतेकांना रुक्ष वाटतो. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ एक तास घालवला तर रुक्षपणा जाईल. ड्रायव्हरला लांबची नजर हवी, आरसा हवा, रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप सहन व्हायला हवी आणि बाजूने येणारी दुचाकी कडेच्या नजरेत यायला हवी. चाळिशी लागली की चलनाची पावती आणि मोबाइलवरचा पत्ता वाचता येत नाही, आणि तो चाळिशीचा चष्मा लावून गाडी चालवायला गेला तर रस्ता धूसर. त्याला एकाच चष्म्यात दोन्ही अंतरं कशी द्यायची, काचेतला जवळचा भाग किती खाली ठेवायचा, हे त्याच्या बसण्याची उंची आणि डॅशबोर्डचं अंतर मोजल्याशिवाय ठरत नाही. मापपट्टी घेऊन केबिनमध्ये चढावं लागतं.

जवळच्या चष्म्याला आपण फार क्षुल्लक समजतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की जवळचा साधा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची गती न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पनवेलच्या बाजारात मासळी साफ करणाऱ्या, गजरे ओवणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांच्या बाबतीत काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तळोज्यात रसायनांचे कारखाने आहेत. डोळ्यात आम्ल उडालं तर वाईट, अल्कली उडालं तर त्याहून वाईट, कारण ते आत झिरपत जातं. पहिली अर्धी घटका ठरवते की नजर राहणार की जाणार, आणि तेव्हा डॉक्टर जवळ नसतो. जवळ असतो तो नळ. आधी भरपूर पाण्याने धुवायचं, मग गाडीत बसवायचं, हे प्रत्येक पाळीच्या कामगाराला पाठ करून देणं हे या विषयाचं काम. वेल्डिंगची तिरीप बसलेला मुलगा दुपारी ठीक असतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा कळवळत उठतो. तेही का होतं ते त्याला आधी माहीत हवं. रंगदृष्टीचीही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पनवेल हे रेल्वेचं जंक्शन. या भागातली कितीतरी मुलं रेल्वे भरतीची तयारी करतात. लोको पायलटच्या जागेला चष्म्याशिवाय ६/६ आणि निर्दोष रंगदृष्टी लागते. लाल-हिरव्याचा गोंधळ जन्मजात असतो आणि मुलांमध्ये मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. आठवीतच इशिहाराची ठिपक्यांची पानं दाखवली तर तो कळतो. वर्षानुवर्षं अभ्यास करून लेखी परीक्षा पास झालेल्या मुलाला ते वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळणं फार क्रूर आहे.

सार्वजनिक आरोग्याचा विषय म्हणजे शिबिरांत उभं राहणं, असा समज आहे. शिबिर सोपं असतं. त्यानंतरचा पाठपुरावा अवघड. चाफेवाडीतल्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू आहे एवढं सांगून भागत नाही, त्याला खाली कोण आणणार, शस्त्रक्रियेनंतर थेंब कोण घालणार, हे सगळं नोंदवहीत असावं लागतं. देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण अजूनही मोतीबिंदूच आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचा वाटा ६६.२ टक्के निघाला. शांतिवनासारख्या ठिकाणी वेगळं शिकायला मिळतं. कुष्ठरोगाने पापणी मिटत नाही आणि डोळ्याची संवेदना बोथट होते, त्यामुळे कचरा गेला तरी टोचत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण सांगत नाही. तिथे तक्रारीची वाट न पाहता रोज डोळा पाहायची सवय लावावी लागते.

संशोधनपद्धती, व्यवस्थापन, खेळाडूंची दृष्टी यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पुढे एम.ऑप्टोम किंवा पीएचडी करायची असेल तर पहिला घ्यावाच. वडिलांचं दुकान सांभाळायचं असेल तर दुसरा. तिसऱ्याला खेळाडू आणि मैदान दोन्ही लागतं. नुसत्या स्लाइड्सवर तो शिकवला जात असेल तर सोडून द्यावा.

अर्ज भरण्याआधी विभागप्रमुखांना काही गोष्टी सरळ विचाराव्यात, त्यात भीड बाळगू नये. या विषयात मी स्वतःच्या हाताने किती रुग्ण पाहीन? लो व्हिजनचं क्लिनिक दर आठवड्याला ठरल्या दिवशी चालतं का? माझ्या नोंदवहीवर सही करणारे स्वतः ते काम करतात का? इंटर्नशिपमध्ये हाच विभाग मला जास्त दिवस मिळेल का? आणि अजून एक. ऐच्छिक विषयाला पुरेशी मुलं आली नाहीत तर महाविद्यालय तो त्या वर्षी उघडत नाही. लो व्हिजन आणि कामाच्या ठिकाणची दृष्टी हे विषय असेच यादीत छापलेले राहतात. ज्याला ते हवे आहेत त्याने अर्ज भरून गप्प बसू नये. वर्गातल्या चार-पाच जणांना सोबत घेऊन, नावांची यादी करून, सत्र सुरू होण्याआधीच कार्यालयात जावं.